पार्श्वघर्षण : एका संकल्पनेची चिकित्सा

१

नगरातील रस्त्याला दोन कामे एकाच वेळी करावी लागतात. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाणाऱ्यास वाट करून देणे हे त्याचे एक काम. आणि आपल्या दोन्ही कडांना उभी असलेली घरे, दुकाने, शाळा, दवाखाने व कचेऱ्या यांच्या दारापर्यंत माणसास व मालास पोहोचविणे हे दुसरे. पहिल्या कामाच्या दृष्टीने उत्तम रस्ता म्हणजे ज्यावर कोणीही थांबत नाही असा रस्ता होय. दुसऱ्या कामाच्या दृष्टीने मात्र ज्या रस्त्यावर कोणी थांबतच नाही तो ओस पडलेला रस्ता होय. या दोन कामांतील विरोध हा नगररचनेतील जुना व अवघड प्रश्न आहे. रस्त्यालगतचा विकास वाहतुकीच्या प्रवाहावर कोणता परिणाम करतो, असे जेव्हा विचारले जाते तेव्हा याच विरोधाचे एक अंग चर्चेला घेतलेले असते.

वाहतूकशास्त्राने या अंगास 'पार्श्वघर्षण' असे नाव दिले आहे. रस्त्याच्या कडेला उभी राहणारी वाहने, इमारतींच्या दारांतून आत-बाहेर करणारी वाहने, कडेने चालणारे व रस्ता ओलांडणारे पादचारी, हातगाड्या, पथाऱ्या, बसथांबे या सर्वांमुळे मधल्या प्रवाहाचा वेग घटतो व वहनक्षमता उणावते. त्या सर्व व्यत्ययांची ही एकत्रित संज्ञा होय. संज्ञा पदार्थविज्ञानातून आलेली आहे आणि तिच्याबरोबर एक चित्रही आले आहे : नळातून पाणी वाहते, नळाच्या खडबडीत भिंती त्याला घासतात, आणि प्रवाह मंदावतो. हे चित्र मोजमापासाठी कितपत उपयोगी आहे आणि निदानासाठी कितपत विश्वसनीय आहे, हे दोन भिन्न प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर अनुकूल आहे. दुसऱ्याचे तसे नाही. संज्ञा मोजमापासाठी घडविली गेली, आणि हळूहळू तिच्याकडून निवाड्याचे काम करून घेतले जाऊ लागले. प्रस्तुत विवेचनाचा रोख या स्थित्यंतरावर आहे.

२

प्रथम मोजमापाचा विचार करणे न्याय्य होईल. कारण या क्षेत्रात झालेले काम चिकाटीचे आहे, आणि ते नीट समजून घेतल्यावाचून त्यावर टीका करणे अनुचित ठरेल.

अमेरिकेत १९५० साली 'हायवे कपॅसिटी मॅन्युअल' हा ग्रंथ प्रथम निघाला व पुढे त्याच्या अनेक आवृत्त्या झाल्या. २००० सालच्या आवृत्तीत बहुपदरी रस्त्यांविषयी एक साधे गणित दिलेले आहे. प्रवासाच्या दिशेच्या कडेला दर किलोमीटरला सहा प्रवेशद्वारे असतील तर मुक्तप्रवाहाचा वेग ताशी ४ किलोमीटरने कमी धरावा, बारा असतील तर ८ ने, आणि चोवीस वा अधिक असतील तर १६ ने. येथे रहदारी किती आहे हा प्रश्नच नाही. केवळ दारे आहेत एवढ्यावरून चालक सावध होतो व वेग आवरतो, हे त्यात गृहीत आहे. कडेला काही घडण्यापूर्वीच कडेचा परिणाम सुरू होतो, ही या गणितातील मार्मिक गोष्ट होय.

त्याच ग्रंथात सिग्नल असलेल्या चौकांसाठी दुसरे गणित आहे. चौकाच्या थांबारेषेपासून मागे सुमारे ७५ मीटरांच्या आत कडेला वाहने उभी करण्याची मुभा असेल, तर प्रत्येक वाहन लावताना वा काढताना शेजारचा पदर सरासरी १८ सेकंद अडतो, असे तेथे मानले आहे. याशिवाय उभ्या वाहनांच्या केवळ सान्निध्यामुळे होणारी हानी एका पदराच्या दशांशाइतकी धरली आहे. यावरून हिशेब करता येतो. दोन पदरांच्या मार्गावर तासात एकही वाहन लावले वा काढले गेले नाही तरी ५ टक्के क्षमता जाते. तासात २० वेळा ही हालचाल झाली तर १० टक्के, आणि ६० वेळा झाली तर २० टक्के जाते. मार्ग एकपदरी असेल तर २० हालचालींनीच २० टक्के क्षमता जाते. अरुंद रस्ता कडेच्या व्यवहाराची किंमत दुपटीने मोजतो, हा यातील बोध जुन्या पेठांच्या गावांना लागू पडण्याजोगा आहे.

अमेरिकेची गणिते मुख्यतः मोटारींच्या एकजिनसी प्रवाहावर आधारलेली असल्याने आशियातील नगरांना ती जशीच्या तशी लावणे योग्य नव्हते. ही उणीव इंडोनेशियाने १९९७ साली आपल्या स्वतंत्र पुस्तिकेद्वारे भरून काढण्याचा यत्न केला. रस्त्याच्या २०० मीटर लांबीत एका तासात कडेला किती घटना घडतात ते मोजावे आणि प्रत्येक प्रकारास वजन द्यावे, अशी ती पद्धत होती. थांबणाऱ्या वाहनास १.०, आत-बाहेर करणाऱ्या वाहनास ०.७, पादचाऱ्यास ०.५ आणि मंदगती वाहनास ०.४ अशी ती वजने होत. गुणून आलेली बेरीज १०० च्या खाली असेल तर घर्षण अतिअल्प, आणि ९०० च्या वर गेली तर अतितीव्र. उदाहरणार्थ, एका तासात २०० पादचारी, १०० थांबणारी वाहने, आत-बाहेर करणारी १५० वाहने आणि १०० मंदगती वाहने असतील तर बेरीज ३४५ येते, व तो रस्ता मध्यम घर्षणाचा ठरतो.

भारतात इंडियन रोड्स काँग्रेसने १९९० साली प्रसिद्ध केलेल्या १०६ क्रमांकाच्या मार्गदर्शक पुस्तिकेने निराळी वाट धरली. तिने घटना मोजल्या नाहीत. रस्त्यांचे वर्ग पाडले. जेथे कडेच्या मिळकतींना थेट प्रवेश नाही, वाहने उभी राहत नाहीत व आडवी रहदारी अत्यल्प आहे तो मुख्य मार्ग. जेथे प्रवेश आहे पण उभी वाहने नाहीत तो उपमुख्य मार्ग. आणि जेथे प्रवेश मोकळा आहे, वाहने उभी राहतात व आडवी रहदारी मोठी आहे तो संग्राहक मार्ग. दुपदरी दुहेरी वाहतुकीच्या रस्त्यासाठी या तीन वर्गांत आराखड्याकरिता धरावयाचे प्रमाण तासाला अनुक्रमे १५००, १२०० व ९०० मोटार-समतुल्य एकके असे आहे. दुभाजक नसलेल्या चौपदरी रस्त्यासाठी तेच आकडे ३०००, २४०० व १८०० असे आहेत.

हे आकडे शेजारी शेजारी ठेवून वाचले म्हणजे त्यांतून एक गोष्ट निष्पन्न होते. कड पूर्ण मोकळी सोडली तर रस्त्याची दोनपंचमांश उपयुक्तता जाते. मोकळ्या कडेचा चौपदरी रस्ता तासाला १८०० एकके वाहतो, तर बंद कडेचा दुपदरी रस्ता १५०० वाहतो. म्हणजे दुप्पट रुंदी देऊन आणि कड मोकळी ठेवून पदरात पडते ती केवळ पाचव्या हिश्श्याची वाढ. रस्तारुंदीसाठी घरे पाडणाऱ्या, भरपाई देणाऱ्या व वर्षानुवर्षे कज्जे लढविणाऱ्या प्रत्येक नगरपालिकेने आपल्या भिंतीवर टांगून ठेवावा असा हा हिशेब आहे.

३

मोजमापाचे हे श्रेय मान्य केल्यानंतर त्यातील दोषांकडे वळले पाहिजे. दोष तीन आहेत, आणि ते गणिताचे नसून दृष्टीचे आहेत.

पहिला दोष असा की कारण आणि कार्य यांची एकाच स्तंभात बेरीज केली जाते. पादचारी पदपथावरून उतरून रस्त्याने चालतो तेव्हा तो घर्षणाची एक घटना ठरतो. परंतु तो उतरला का? पदपथ अर्ध्यावर तुटला होता, किंवा त्यावर दुचाकी लावलेल्या होत्या, किंवा दुकानाची पायरी पुढे आली होती म्हणून. त्या दुचाकी पदपथावर चढल्या, कारण इमारतीतील वाहनतळाची जागा दुसऱ्याच उपयोगात गेली होती. अशा साखळीत शेवटचा दुवा सर्वाधिक डोळ्यांत भरतो आणि तोच मोजला जातो. बेरजेत पादचाऱ्याचे २०० गुणिले ०.५ आले म्हणजे पादचाऱ्याने १०० एककांचा अडथळा केला असे वाचणे सोपे असते. वस्तुतः तो अडथळा त्याच्याकडून झालेला नसून त्याच्यावर झालेला असतो.

दुसरा दोष असा की घर्षण दोन्ही अंगांना होते, पण हिशेब एकाच अंगाचा ठेवला जातो. कडेचा प्रवाहाला होणारा त्रास मोजण्यास दहा सूत्रे आहेत. प्रवाहाचा कडेला होणारा त्रास या ग्रंथांत आकड्याने येत नाही. तो मोजता येत नाही असे मात्र नाही. डोनाल्ड अ‍ॅपलयार्ड यांनी सॅन फ्रान्सिस्कोतील तीन रहिवासी रस्त्यांचा अभ्यास केला व १९७२ साली मार्क लिंटेल यांच्यासह तो प्रसिद्ध केला. त्या रस्त्यांवरून दिवसाला सुमारे २०००, ८००० व १६००० वाहने जात. विरळ रहदारीच्या रस्त्यावरील रहिवाशाला त्याच रस्त्यावर सरासरी तीन स्नेही होते. दाट रहदारीच्या रस्त्यावर एकही पुरता नव्हता, सरासरी ०.९ भरली. तीन रस्त्यांचा हा नमुना लहान आहे आणि त्यावर सार्वत्रिक नियम उभारता येणार नाही. तथापि प्रवाहालाही कडेच्या जीवनाची किंमत मोजावी लागते हे दाखविण्यास तो पुरेसा आहे. एका बाजूचीच नोंद ठेवणाऱ्या वहीला जमाखर्च म्हणता येत नाही.

तिसरा दोष सर्वांत गंभीर आहे. ही सर्व गणिते कडेचा विकास आधीच तेथे असल्याचे गृहीत धरतात. मोजणारा जातो त्या दिवशी दुकान तेथे असते, दार तेथे असते, गाडी तेथे असते. ते सर्व तेथे कसे आले हे मोजमापाच्या बाहेर राहते. नळाच्या उपमेने हा भ्रम दृढ होतो. नळाच्या भिंती पाण्याने निर्माण केलेल्या नसतात. रस्त्याच्या कडा मात्र रस्त्यानेच निर्माण केलेल्या असतात. जेथून अधिक माणसे जातात तेथे दुकान चालते, आणि जेथे दुकान चालते तेथे जमिनीचा भाव चढतो. चढलेल्या भावाच्या जमिनीवर बैठे घर टिकत नाही. प्रवाह कडेला जन्म देतो आणि मोठी झालेली कड प्रवाहाला आवरते. या वर्तुळाचा एकच चाप कापून घेऊन त्याला 'घर्षण' म्हटले की उरलेले वर्तुळ दृष्टीआड होते.

४

हे वर्तुळ नवे नाही आणि ते केवळ भारतीयही नाही. इंग्लंडमध्ये पहिल्या महायुद्धानंतर जुन्या बाजारपेठांतील कोंडी टाळण्यासाठी गावांबाहेरून वळणरस्ते काढले गेले. लंडनच्या पश्चिमेचा ग्रेट वेस्ट रोड १९२५ साली खुला झाला. थोड्याच वर्षांत त्याच्या कडेला कारखान्यांची अशी रांग लागली की ब्रेंटफर्डजवळचा भाग 'सोनेरी मैल' म्हणून ओळखला जाऊ लागला. बाजार चुकविण्यासाठी काढलेला रस्ता स्वतःच बाजार होऊ पाहत होता. या फितीसारख्या लांबत जाणाऱ्या वस्तीला आळा घालण्यासाठी ब्रिटिश संसदेने १९३५ साली एक कायदा केला, आणि वर्गीकृत रस्त्यांच्या मध्यापासून २२० फुटांच्या पट्ट्यातील बांधकाम व नवे प्रवेश परवानगीच्या अधीन केले.

या अनुभवातून दोन महत्त्वाचे ग्रंथ निर्माण झाले. लंडनच्या पोलीस दलातील सहायक आयुक्त अल्कर ट्रिप यांनी १९४२ साली 'टाउन प्लॅनिंग अँड रोड ट्रॅफिक' या ग्रंथात रस्त्यांची श्रेणी लावून मुख्य मार्गांना कडेच्या दारांपासून तोडावे व वस्तीला आतल्या आवारांत निर्वेध ठेवावे, असा विचार मांडला. कॉलिन ब्यूकॅनन यांच्या नेतृत्वाखालील मंडळाने १९६३ साली सादर केलेल्या 'ट्रॅफिक इन टाउन्स' या अहवालाने त्यास व्यापक रूप दिले. ब्यूकॅनन यांनी नगराला रुग्णालयाची उपमा दिली : रुग्णालयात मोठ्या मार्गिका असतात आणि खोल्या असतात, खाटा मार्गिकेत मांडीत नाहीत आणि रुग्णांच्या खोलीतून सार्वजनिक वाट नेत नाहीत. उपमा समर्पक आहे. त्याहून मोलाची आहे ती त्यांची 'पर्यावरणीय क्षमता' ही कल्पना. रस्त्यावरून किती वाहने जाऊ शकतात हा एक प्रश्न, आणि त्या रस्त्यावरील जीवन न बिघडता किती वाहने जावीत हा दुसरा प्रश्न, असा भेद त्यांनी केला. दुहेरी जमाखर्चाची जी उणीव वर दाखविली, ती भरून काढण्याचा हा पहिला पद्धतशीर यत्न होय.

परंतु रुग्णालयाच्या उपमेलाही मर्यादा आहे. रुग्णालय एक संस्था बांधते, एका आराखड्याने बांधते आणि एका हिशेबातून बांधते. नगर असे बांधले जात नाही. त्यातील मार्गिका आधी झालेली असते व खोल्या तिच्यावर नंतर उघडतात. किंबहुना पुष्कळदा मार्गिकेचा खर्च खोल्यांनी द्यावा अशीच योजना असते. मुंबईत १८९८ साली स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दाट वस्तीतून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड, महंमद अली रोड असे प्रशस्त मार्ग काढले आणि संपादित जमिनीतील भूखंड भाडेपट्ट्याने देऊन खर्च भरून काढण्याचे धोरण ठेवले. ज्या रस्त्याची किंमत त्याच्या दर्शनी बाजूने चुकती केली, त्या रस्त्याची दर्शनी बाजू पुढे बंद करणे कोणासही शक्य होत नाही. ब्यूकॅनन यांनाही या अडचणीची जाणीव होती. विद्यमान नगरात पर्यावरणाचा दर्जा राखावयाचा तर सुगम्यता मर्यादित राहते, आणि ती वाढवावयाची तर फेरबांधणीवर त्या प्रमाणात पैसा खर्चावा लागतो, असे त्यांनी स्पष्ट केले होते. त्यांच्या अनुयायांनी वाक्याचा उत्तरार्ध उचलला व पूर्वार्ध सोडला.

याच सुमारास, १९६१ साली, जेन जेकब्स यांचा अमेरिकन नगरांवरील सुप्रसिद्ध ग्रंथ निघाला आणि त्याने बाजू उलटी मांडली. दुकाने, उंबरठे, पदपथावरची वर्दळ यांना त्यांनी नगराच्या सुरक्षिततेचे व जिवंतपणाचे मूळ मानले. ज्याला अभियंता घर्षण म्हणत होता तेच त्यांच्या दृष्टीने नगराचे सत्त्व होते. मोटारींसाठी नगराची झीज होऊ देण्यापेक्षा नगराने मोटारींची झीज करावी, हा त्यांच्या विवेचनाचा निष्कर्ष होता. कडेच्या पक्षाचे एवढे समर्थ निवेदन अन्यत्र क्वचितच आढळेल. पण त्यांच्या पक्षातही एक गृहीत आहे : पदपथ रुंद आहे, सलग आहे आणि पादचारी त्यावरूनच चालतो. जेथे पदपथच नाही, तेथे कडेची चैतन्यमय वर्दळ आणि मधली बस एकाच डांबरावर उभी असतात. आणि त्या बसमध्येही नगराचेच साठ नागरिक बसलेले असतात. कडेचे गुणगान त्यांच्या खोळंब्याला उत्तर देत नाही.

५

हे दोन्ही पक्ष महाराष्ट्रातील नगरांवर ताडून पाहिले पाहिजेत. पुण्याचा लक्ष्मी रस्ता हे त्यासाठी सोयीचे उदाहरण आहे. जुन्या पेठांतून जाणारा हा रस्ता कापड, दागिने व लग्नाचा बस्ता यांची बाजारपेठ म्हणून प्रसिद्ध आहे. त्याला वाहतुकीचा मार्ग मानले तर त्याचे घर्षण अतितीव्र भरेल. त्याला बाजार मानले तर वाहनांचा प्रवाह हेच त्याच्या कामातील घर्षण ठरेल. ११ डिसेंबर २०२१ रोजी पुणे महानगरपालिकेने 'पादचारी दिन' म्हणून या रस्त्याचा एक भाग वाहनांना बंद ठेवला, तेव्हा हा दुसरा विचार एका दिवसापुरता प्रत्यक्षात आला. जंगली महाराज रस्त्यावर २०१६ नंतर पदपथ रुंद करण्यात आले, त्यामागेही कडेला स्वतंत्र जागा देऊन तिचा मधल्या प्रवाहाशी होणारा संघर्ष कमी करावा हेच तत्त्व होते. हे प्रयोग स्वागतार्ह आहेत. लक्ष्मी रस्त्यासारखा रस्ता काय आहे हे निश्चित ठरलेले असल्याने तेथे निर्णय करणे तुलनेने सोपे आहे.

खरी अडचण आहे ती कर्वे रस्ता, सिंहगड रस्ता, सातारा रस्ता अशा मार्गांची. उपनगरांतील लक्षावधी माणसे रोज यांवरून ये-जा करतात. म्हणून नकाशात ते मुख्य मार्ग आहेत. दुतर्फा दुकाने, रुग्णालये, मंगल कार्यालये व शिकवणीवर्ग आहेत. म्हणून प्रत्यक्षात ते संग्राहक मार्ग आहेत. १९९० च्या पुस्तिकेतील पहिल्या वर्गाचे नाव आणि तिसऱ्या वर्गाचे लक्षण एकाच रस्त्यावर नांदत आहेत. नियोजनकर्ता नावावरून ३००० ची अपेक्षा करतो, रस्ता लक्षणावरून १८०० देतो, आणि मधल्या १२०० चा दोष कोणाच्या तरी माथी मारावा लागतो.

हा दोष बहुधा पथारीवाल्याच्या माथी जातो. तो रस्त्यावर असतो, त्याचे नाव कोणत्याही मिळकतपत्रिकेवर नसते आणि त्याला एका सकाळी उठविता येते. २०१४ च्या पथविक्रेता अधिनियमाने त्याच्या उपजीविकेला संरक्षण दिले, सर्वेक्षण व विक्रीक्षेत्रे यांची तरतूद केली, आणि लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घेण्याचे प्रमाण घालून दिले. त्या तरतुदींची अंमलबजावणी हा स्वतंत्र विषय आहे. येथे प्रस्तुत आहे ते एवढेच की पथारी ही कडेच्या व्यवहाराची सर्वांत दृश्य व सर्वांत दुर्बळ बाब आहे. मूळ कारण नव्हे. पथारी तेथेच लागते जेथे माणसे आधीच थांबतात, आणि माणसे कोठे थांबणार हे इमारतीच्या परवानगीने आधीच ठरलेले असते.

ही परवानगी कशाच्या आधारे मिळते? महाराष्ट्रात मुंबई व काही विशेष क्षेत्रे वगळता २०२० ची एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली. तिच्यात, आणि तिच्यापूर्वीच्या पुष्कळ नियमांतही, एक तत्त्व आहे : समोरचा रस्ता जितका रुंद तितके अनुज्ञेय चटईक्षेत्र अधिक, आणि व्यापारी उपयोगाची मुभाही अधिक. रुंद रस्ता वाढीव वस्तीचा भार सोसू शकतो आणि अग्निशामक बंब तेथे पोहोचू शकतो, हा त्यामागील विचार आपल्या जागी योग्यच आहे. परंतु रस्ते-अभियंत्याच्या पुस्तिकेत रुंद रस्ता म्हणजे दूरच्या प्रवाहासाठी राखलेला, कड बंद असलेला रस्ता. एका पुस्तकानुसार रुंदी हे कड मिटण्याचे कारण आहे. दुसऱ्यानुसार रुंदी हे कड उघडण्याचे कारण आहे. दोन्ही पुस्तके एकाच नगराच्या कचेरीत, कदाचित एकाच मजल्यावर, नांदत असतात. मुख्य रस्त्यावरील कोंडी हे या दोन पुस्तकांतील विसंगतीचे डांबरावर उमटलेले रूप होय.

इमारतीच्या आत वाहनतळ सक्तीचा केल्याने ही विसंगती मिटते अशी समजूत आढळते. ती अर्धीच खरी आहे. कडेला उभे राहणारे वाहन आत गेले म्हणजे इंडोनेशियाच्या वजनांप्रमाणे १.० ची घटना नाहीशी होते. पण तेच वाहन आत शिरताना व बाहेर पडताना ०.७ ची घटना दोनदा घडविते, आणि त्याच्यासाठी पदपथ उतरता केला जातो तो वेगळाच. दार कोणत्या रस्त्यावर उघडते हा प्रश्न वाहनतळ किती मोठा आहे या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा आहे. मागच्या गल्लीवर उघडणारे एक सामाईक दार आणि मुख्य रस्त्यावर उघडणारी दहा दारे यांत जो फरक आहे, तो चटईक्षेत्राच्या कोष्टकात कोठेही दिसत नाही.

महामार्गांच्या बाबतीत विधिमंडळाने हे फार पूर्वी ओळखले होते. १९५५ च्या मुंबई महामार्ग अधिनियमात बांधकामरेषा व नियंत्रणरेषा यांची तरतूद आहे. रस्त्याच्या हद्दीबाहेरची जमीनही रस्त्याच्या कामाशी बांधलेली आहे हे तत्त्व त्यात स्वीकारलेले आहे. तरीही पुण्याच्या पश्चिमेकडील वळणरस्ता वारजे, बावधन, बाणेर, वाकड या वाढत्या वस्तीच्या मधोमध आला. ग्रेट वेस्ट रोडची कथा नव्या भूमीवर पुन्हा घडली. रेषा आखल्याने वस्ती मागे सरते, पण तिचा ओढा मागे सरत नाही. स्थानिक ये-जा करण्यास समांतर रस्त्यांचे जाळे आधी नसेल, तर ती ये-जा महामार्गावरच येते.

६

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो आणि तो वजनदार आहे. नगरातील रस्त्याची क्षमता चौकात ठरते, मधल्या भागात नव्हे. मग कडेच्या विकासाला एवढे महत्त्व कशासाठी? आक्षेपाचा पूर्वार्ध सत्य आहे. चौकातून जितकी वाहने सुटतात त्याहून अधिक वाहने मधला भाग मोकळा ठेवूनही पुढे जाणार नाहीत. परंतु यावरून कड गौण ठरत नाही. कडेचे स्थान महत्त्वाचे ठरते. थांबारेषेमागच्या ७५ मीटरांतील उभी वाहने चौकाचीच क्षमता खातात हे वर पाहिलेच आहे. आणि आपल्याकडे सर्वांत चढ्या भावाचे दुकान, बसथांबा आणि रिक्षांचा थांबा हे तिन्ही नेमके चौकाच्या तोंडाशी असतात. म्हणजे आक्षेपाने मुख्य प्रतिपादनाचे खंडन होत नाही. उलट उपाय कोठून सुरू करावा ते कळते. सबंध रस्ता झाडून काढण्यापेक्षा चौकालगतचा थोडा टापू मोकळा राखणे अधिक फलदायी आणि अधिक न्याय्य आहे.

दुसरा आक्षेप असा घेता येईल की कड बंद करावयाची तर बाजार मरेल, आणि कड उघडी ठेवावयाची तर वाहतूक मरेल; यात शास्त्राने सांगण्यासारखे काय उरते? येथेच पार्श्वघर्षणाच्या संकल्पनेला तिची योग्य जागा दाखविता येते. घर्षणाचा आकडा हा रस्त्यावरील आरोपपत्र नव्हे. तो रस्त्याच्या दोन कामांमधील देवघेवीचा भाव आहे. ३००० आणि १८०० यांमधील १२०० ही चोरीला गेलेली क्षमता नसून कडेच्या जीवनासाठी मोजलेली किंमत आहे. ती किंमत लक्ष्मी रस्त्यासारख्या ठिकाणी आनंदाने द्यावी. उपनगरांना जोडणाऱ्या एकमेव मार्गावर देण्यापूर्वी मात्र दहादा विचार करावा. पण देतो आहोत हे कळून द्यावी आणि परवानगीच्या कागदावर सही होण्यापूर्वी द्यावी. आज ती नकळत दिली जाते, आणि पुढे अतिक्रमणविरोधी पथकाच्या हस्ते सर्वांत दुर्बळ घटकाकडून वसूल केली जाते.

म्हणून अभ्यासकांपुढील काम मोजणी थांबविण्याचे नसून मोजणीचा काळ बदलण्याचे आहे. झालेल्या कोंडीचे घर्षण मोजणारे प्रबंध विपुल आहेत. दिल्या जाणाऱ्या परवानगीचे घर्षण आधी वर्तविणारे अध्ययन विरळ आहे. आणि एखाद्या रस्त्यावर दहा वर्षांत कड कशी वाढत गेली व प्रवाह कसा उतरत गेला याचा क्रमवार अभ्यास त्याहूनही विरळ. भूगोल, अभियांत्रिकी, अर्थशास्त्र व विधी या चार शाखांच्या विद्यार्थ्यांना एकाच रस्त्यावर उभे करणारा हा विषय आहे. तो हाती घेतला गेला तर अभियंत्याची पुस्तिका आणि बांधकामाची नियमावली यांना एकमेकींची ओळख होईल. तोवर रस्ते रुंद होत राहतील, रुंदीबरोबर दारे वाढत राहतील, आणि दोन्हींचा दोष पदपथावरून खाली उतरलेल्या माणसाच्या खात्यावर जमा होत राहील.